खिसे नसलेले सहा कुडते

शनिवारी अंधेरी स्टेशनबाहेर आमचं पथनाट्य होतं. विषय एकच: आपले स्वस्त कपडे कोणाच्या पाठीवर शिवले जातात. पत्रक मीच लिहिलेलं, आणि खोटं कशाला बोलू, झकास लिहिलेलं. मॉलमधून चार-चार पिशव्या घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या हातात ते कोंबताना मला लाज वाटत नाही. लाज त्यांना वाटायला हवी.

पण मग आम्ही अकरा जणांनी अंगात काय घालायचं? त्याच मॉलमधले टी-शर्ट घालून नाटक केलं तर लोक तोंडावर विचारतील, आणि बरोबरच विचारतील. शोधता शोधता जोगेश्वरीत बायकांचं एक शिवणमंडळ सापडलं. चौघी जणी, भाड्याची एक खोली, चार मशिनं. आधी सगळ्या एक्स्पोर्टच्या कारखान्यात होत्या. आता मजुरी त्या स्वतः ठरवतात, हातमागाचं कापड थेट विणकरांकडून मागवतात, आणि सहा वाजले की मशिनं बंद म्हणजे बंद. मी इतकी खूश झाले की तिथल्या तिथे अकरा कुडते सांगून टाकले. परतताना फोनवर नाटकातल्या मित्राला "मिळालं रे!" असं ओरडले, तर रिक्षावाला दचकला.

गुरुवारी सकाळी ग्रुपवर कोणीतरी टाकलं: कुडत्यांना खिसे हवेत, पत्रकं ठेवायला. खरंच की! धडाधड सगळ्यांचे अंगठे आले. दुपारी मी थेट खोलीवर.

मंडळाच्या प्रमुख काकी मालवणकडच्या. गळ्यात टेप, तोंडात टाचणी.

"काकी, दोन्ही बाजूंना खिसे लावायचेत. छोटंसंच काम आहे."

"सहा शिवून झाले," टाचणी काढत त्या म्हणाल्या. "बाकीचे बेतून ठेवलेत. खिशापुरतं कापड उरलेलं नाय. परत मागवावं लागेल."

"मागवा ना! शनिवारी सकाळी फक्त हातात पाहिजेत, काहीही करून. आज-उद्या थोडं जास्त थांबा. चांगल्या कामासाठीच आहे."

मशिनं थांबली. काकींनी भिंतीवर टाचलेलं माझं पत्रक उतरवलं. मीच दिलेलं, मोठ्या ऐटीत. चष्मा चढवून त्यांनी खणखणीत वाचलं: "ऐन वेळी डिझाइन बदलायचं आणि तारीख तीच ठेवायची, ही मालकांची जुनी चाल आहे." मग माझ्याकडे बघितलं. "ह्या कोणी लिवलां गो?"

"अगं, मालकीणबाई आल्यात," काजं करणारी ताई म्हणाली. "खुर्ची द्या कोणीतरी!"

"मी मालक थोडीच आहे?" मी भडकले. "आम्ही तुमच्यासाठीच करतोय हे!"

"आमचा कारखानेवाला पण हेच म्हणायचा," काकी शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यासाठीच ऑर्डर आणलीय."

माझे कान तापले. भांडायला मला एरवी कारण लागत नाही, पण इथे मी पिशवीतून फोन काढला. मी तिथेच उभं राहून मित्राला फोन लावला.

"झालेल्यांना खिसे नाहीत. शनिवारी सहाच कुडते. उरलेले खिसे लावून, कापड आलं की, पुढच्या आठवड्यात."

"वाट लागली! मग आम्ही पाच जणांनी काय पडदे गुंडाळायचे?"

"घरातले जुने घाला. आणि ऐक, घोळ आपणच घातलाय. अगदी पत्रकात लिहिलाय तसा."

"च्यायला," तो म्हणाला, "बरोबर आहे यार. पत्रकं पिशवीत घेऊ."

मी फोन ठेवला, तोवर काकींनी एक कुडता माझ्या अंगावर फेकला होता. "घाल बघू."

गडद निळा, जाडसर, कोऱ्या कापडाचा वास असलेला. मी तो ड्रेसवरूनच चढवला. आजवर इतके कपडे विकत घेतले, पण शिवणारी समोर उभी राहून खांदा नीट बसलाय का बघतेय, असं कधी झालं नव्हतं. मला नाचावंसं वाटत होतं.

"हात वर कर. असा नाय, घोषणा देताना करतेस तसा."

मी मूठ वळून हात वर केला.

"आणि गप्प काय? दे घोषणा. बगल कुठे ताणते ते मला कळायला नको?"

"स्वस्त नको!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"रास्त हवं!" मशिनांमागून तिघी ओरडल्या. त्यांनी पत्रक नीट वाचलं होतं. समोरच्या घरातली बाई लाटणं घेऊनच दारात आली. मी दुसऱ्यांदा ओरडले, तिसऱ्यांदा, आणि हात वर करून करून माझा खांदा दुखायला लागला.

काकी फक्त बगलेची शिवण बघत होत्या.

"नाय ताणत," त्या म्हणाल्या, आणि परत मशीनवर बसल्या.