अक्रोडांचा नकाशा

मला कुणी फसवलं तर मी विसरत नाही. घरचे म्हणतात, एवढं काय धरून बसायचं? बसते धरून, झालं! आणि सेन्सेईंनी केलं ते तर मी जन्मात विसरणार नाही.

सेन्सेई म्हणजे आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, बोलणं हळू. सगळी गल्ली त्यांना सेन्सेईच म्हणते. आम्ही जपानात, सेंदाईला आलो तेव्हा मुलगी कडेवर होती, नवरा दिवसभर युनिव्हर्सिटीत, आणि मला कचरा कुठल्या वारी टाकायचा एवढंसुद्धा विचारता येत नव्हतं. त्यांनी माझी पिशवी माझ्यासमोर उपडी केली आणि हे जळणारं, हे न जळणारं करत मला बोलायला शिकवलं. मनातल्या मनात मी त्यांना काकूच म्हणायचे.

खारींच्या मंडळात मला त्यांनीच ओढलं. आमची गल्ली संपते तिथून टेकडीचं जंगल सुरू होतं आणि तिथे इथल्या मूळच्या खारी राहतात. उन्हाळ्यात तांबूस, पोट पांढरंशुभ्र, आणि भलत्या लाजाळू. रस्ते झाले तसं जंगल तुकड्या-तुकड्यांत उरलं आणि खारी कमी होत गेल्या. मंडळात दहा-बारा आजी-आजोबा आणि मी. काम एकच. दर शरद ऋतूत नाल्याकाठच्या रानअक्रोडांखाली वाकायचं आणि कवचं गोळा करायची. खार अक्रोड बरोबर सांध्यावर फोडते, दोन सारख्या वाट्या होतात. उंदीर दोन बाजूंनी भोकं पाडतो. म्हणजे खार दिसली नाही तरी चालेल, तिचं उष्टं सापडलं पाहिजे! नाल्याच्या अलीकडे टेकडी, पलीकडे देवळाची राई, आणि मध्ये ही सात झाडं. खारींना इकडून तिकडे जायला दुसरी वाटच नव्हती. कुठल्या झाडाखाली किती वाट्या सापडल्या याचा नकाशा दरवर्षी मी काढायचे. शाळेत चित्रकलेत कशीबशी पास होणारी मी, त्या नकाशावर मात्र जीव ओतायचे.

गेल्या शरदात एका सकाळी नाल्याकडून यंत्राच्या करवतीचा आवाज आला. मी घरातल्या सपाता घालूनच धावले. चार झाडं आडवी झाली होती, पाचव्याला दोर बांधत होते. हेल्मेटवाल्या एका माणसाच्या हातात कागद होता. त्यावर सातव्या झाडापाशी मराठी सातचा आकडा होता. घाईत मीच तसा काढला होता, आणि सेन्सेई म्हणाल्या होत्या, राहू दे, छान दिसतो. माझा नकाशा! खारींची वाट राखायला काढलेला, आणि तोच हातात धरून ही माणसं एकेक झाड शोधून पाडत होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

सेन्सेई तिथेच उभ्या होत्या, डोक्यावर टोपी, कामगारांना वाकून नमस्कार करत.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कुमा," त्या म्हणाल्या. म्हणजे अस्वल.

त्या वर्षी अस्वलं वस्तीत उतरत होती हे काय मला माहीत नव्हतं? टीव्हीवर दुसरं काही नसायचंच. आमच्या नाल्यातही एक दिसल्याचं कुणीतरी सांगत होतं. अस्वल अक्रोडांसाठी येतं, म्हणून अक्रोड तोडायचे.

"नकाशा तुम्ही दिलात?"

"हो."

"मला न विचारता?"

"काइरानबान फिरलं होतं ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचाही शिक्का आहे त्यावर."

काइरानबान म्हणजे गल्लीतल्या सूचनांचा फायलीसारखा फळा. घरोघर फिरतो. वाचायचं, आपला शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराला अडकवायचा. मला एवढं जपानी कुठलं वाचायला? सेन्सेई तो घेऊन यायच्या तेव्हा मी दारातच विचारायचे, "काही विशेष?" त्या म्हणायच्या, "नेहमीचंच." गटारसफाई, भूकंपाची कवायत, असलंच काहीतरी. मी ठप्पकन शिक्का मारून मोकळी. त्याही वेळी मी विचारलं होतं. त्याही वेळी त्या "नेहमीचंच" म्हणाल्या होत्या.

"तुम्ही मला नेहमीचंच म्हणालात!"

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. मग सगळेच अवघडले असते." आणि पुढे म्हणाल्या, "तुमची मुलगी याच वाटेनं शाळेत जाते."

"माझ्या मुलीला मध्ये आणू नका!" हे मी मराठीतच ओरडले. त्यांनीच शिकवलेली भाषा त्या क्षणी मला नकोशी झाली होती. इतक्या वर्षांच्या मायेनं केसानं गळा कापला, दुसरं काय! सातवं झाड पडेपर्यंत मी तिथेच रडत उभी होते आणि त्या माझ्या शेजारी होत्या. एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही मी.

दुपारी मुलगी शाळेतून आली. चौथीत आहे. पहिलीपासून माझ्याबरोबर वाट्या वेचायला यायची, म्हणून वाटलं, ऐकून हीसुद्धा रडेल. मी सगळं सांगितलं. सेन्सेईंना जमतील तेवढ्या शिव्या घातल्या. ती दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ऐकत होती.

"शित्तेरु," ती म्हणाली. माहितेय.

"कसं काय माहितेय?"

"फळा आपल्या चपलांच्या कपाटावर होता. मी वाचला."

"अगं मग बोलली का नाहीस? तुला येतं ना वाचता! एक शब्द सांगितला असतास तर मी तो फळा तसाच पुढे जाऊ दिला असता का?"

एरवी ती मला जपानीतच उत्तर देते. त्या दिवशी मराठीत बोलली, एकेक शब्द जुळवत. "आई, मला नाल्यापाशी रोज भीती वाटायची. मीच सेन्सेईंना सांगितलं होतं."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तू खारी वाचवत होतीस ना."