हिरवी सदाफुली

"आधी पान उलटा, मग तोंड उघडा." टोमॅटोची रोपं न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला रोपवाल्या काकू हेच ऐकवायच्या. ट्रेमधलं रोप करंगळीने उचलून पानाची मागची बाजू दाखवल्याशिवाय त्या माल हलू देत नसत. सुनेला म्हणायच्या, "स्थळ बघताना तू पान उलटलं नाहीस, म्हणून माझा मुलगा तुझ्या पदरात पडला."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दारातल्या सदाफुलीला गुलाबीऐवजी हिरवी फुलं आली. पाकळ्या कसल्या, इवली इवली पानंच ती. लोक मुद्दाम बघायला यायचे. काकू हरखल्या. टोमॅटोच्या ट्रेबरोबर त्या झाडाची एकेक फांदी त्या फुकट देऊ लागल्या. हिरवी सदाफुली दारोदारी लागली.

यंदा टोमॅटोला फळ धरेना. घरांलगतच्या ओळींत कळ्या फुगल्या, न उमलताच आभाळाकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. काकूंनी आपली रोपं तीनतीनदा तपासली. स्वच्छ होती.

तपासणीला आलेला रोगतज्ज्ञ शेतात फार थांबला नाही. तो काकूंच्या दारात, सदाफुलीपुढे उकिडवा बसला. म्हणाला, ही नवलाई नव्हे, आजार आहे. याचा जंतू झाडाच्या रसात राहतो. तुडतुडे इथला रस पितात आणि तोच जंतू टोमॅटोत सोडतात. औषध नाही, झाडं उपटायची.

"पण झाड तर जोमात आहे," काकू म्हणाल्या.

"ते लवकर मरत नाही, काकू. तीच तर भीती आहे."

तो गेल्यावर काकूंनी सदाफुलीचं पान उलटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मागे बसलेला तुडतुडा तिरका चालत कडेआड गेला.

सून हळूच म्हणाली, आपलं झाड उपटू आणि गप्प बसू. कळलं तर पुढच्या हंगामात आपल्याकडची रोपं कोण नेईल?

काकूंनी दारातलं झाड मुळासकट उपटून पोत्यात कोंबलं.

"हौसेनं वाटत फिरले. आता सांगत फिरायला नको?"

खुरपं घेऊन त्या निघाल्या. सून रोपवाटिकेच्या जाळीच्या दारात उभी राहून बघत होती. शेजारच्या फाटकाशी काकू वाकल्या, झुडुपाला हात घातला, तशी त्यातून तुडतुड्यांची बारीक धुळीसारखी एक झुंड उठली आणि वाऱ्याबरोबर टोमॅटोकडे सरकली. काकूंनी ती पाहिली की नाही, सुनेला कळलं नाही. पोतं खांद्यावर टाकून त्या पुढच्या दाराकडे चालू लागल्या होत्या.