शेपूट नसलेलं पाणमांजर

आमच्या घरात सभासद होणं सोपं होतं. वर्गणी द्या, पावती घ्या, सभेला या. पप्पा युनियनची पत्रकं लिहायचे आणि मी ती वाचतच अक्षरं शिकले. म्हणून मी फरी आहे असं सांगितल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं, तर "सभासद कोण करून घेतं?"

माणसांसारखी चालणारी-बोलणारी जनावरं ज्यांना आवडतात, त्यातलं एक जे स्वतःसाठी घडवतात, ते फरी. इतकंच सांगता आलं. माझं पाणमांजर होतं, खाडीतलं, निळा रुमाल बांधलेलं. त्याची चित्रं मी काढत होते. पण तेवढ्याने होतं का? प्रश्न डोक्यातून जाईना.

शेवटी आमच्या ऑनलाइन ग्रुपवर विचारलं. तिथे नवी मुंबईचा एक कोल्हा होता, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत कोल्ह्याचा केसाळ सूट घालणारा मुलगा. तो म्हणाला, "सूट नाही तर तू नुसती फॅन, यार."

माझं टाळकं फिरलं. दारात उभं करून लायकी तपासणाऱ्यांशी आमच्या घराचं पिढ्यांचं भांडण आहे. मी लांबलचक उत्तर लिहिलं, पत्रकासारखं, मुद्दे घालून. कुणी पूर्ण वाचलं नाही.

तरी ग्रुपवाले थळच्या किनाऱ्यावर जमले तेव्हा मीही गेले. सूटमधल्याला पायाखालचं दिसत नाही, आणि सूट अंगावर असेपर्यंत त्याने बोलायचं नाही अशी रीत. म्हणून हात धरायला सोबती लागतो. कोल्ह्याचा सोबती आलाच नव्हता. राग गिळून मी त्याचा पंजा धरला.

मासळी वाळत घालणाऱ्या बायका हसायला लागल्या. मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी शेपटी ओढली. कोल्हा धडपडला, पण तोंडातून शब्द नाही.

"सोडा शेपटी! आत माणूस आहे!" मी ओरडले.

एक म्हातारी पुढे आली. "नि तू कोन गो याची?"

"मी पाणमांजर."

"पानमांजर? आमची जाली फाडतंय मेलं!" सगळ्या खिदळल्या. "नि शेपूट कुठं हाय तुझं?"

"न्हाय. तरी मी हाय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हातातली टोपली त्या दोघांवर उगारली. ते पळाले.

सुरूच्या सावलीत त्याने कोल्ह्याचं मुंडकं उतरवलं. घामाने निथळत म्हणाला, "आजपासून तू खरी फरी."

"ते मी मघाशीच त्या आजींना सांगितलं," मी म्हणाले. "तुला विचारलं नव्हतं."

पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली. पंज्यांनी झाकण उघडेना, तेव्हा मीच उघडून दिलं.