दुर्बीणवाला आणि मामांचं पडीक रान

सणसवाडीच्या कंपन्यांमागं वनखात्याचा राखीव माळ होता. त्याला लागूनच माझ्या मामांचं पडीक रान. मामांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. ती गेली, पण गवत मोडायला मामांचा हात कधी धजला नाही. नव्वदीच्या अखेरीला मी तिथल्याच एका कंपनीत होतो. तोवर राखीव माळावर राडारोडा पडू लागला होता, भाड्याच्या खोल्या कडेला येऊन टेकल्या होत्या, मोकाट कुत्री चंडोलांची पिल्लं खात होती. मग पाखरं मामांच्या रानात सरकली. टिटव्या, धाविक, पखुर्ड्या. उघड्या मुरमावर अंडी घालणारी सगळी भोळी जात.

आणि दर रविवारी तिथं एक शहरी माणूस यायचा. गळ्यात दुर्बीण, हातात वही. वाकायचा, पावलं मोजायचा, लिहायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. रस्त्याकडची आमची जमीन संपादनात गेली, तेव्हाही आधी असाच कुणीतरी वही घेऊन फिरला होता. दुधानं तोंड पोळलेलं, ताक फुंकणं आलंच.

"पाखरं बघतोय म्हणतो," मामा म्हणाले.

"पाखरं बघाया पावलं कशाला मोजाया लागत्यात? मामा, पडीक दिसलं की उचलत्यात. नांगर घाला. वहिवाट दिसू द्या."

 दोन दिवसांनी मामांनी एवढंच विचारलं, "आन् अंडी?" दुसऱ्या शेतात औत हाकताना टिटवीची अंडी दिसली, की ते तेवढा तुकडा सोडून बैल वळवायचे. मी ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरवाल्याला कुठली अंडी दिसतात!

रविवारी तो माणूस बांधावर येऊन नुसता उभा राहिला. मी ऐटीत वही मागितली. त्यानं दिली. पानोपानी अंडी, कुठल्या दगडापासून किती पावलांवर. शेवटी वनखात्याला करायच्या अर्जाचा मसुदा, राडारोडा थांबवा म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण 'चुकलं' काही तोंडातून निघालं नाही. तो गेला, परत आला नाही.

दिवाळीत मामांच्या भावकीतला एक जण मिठाई घेऊन आला. मामांच्या पाया पडला. त्याच्याविषयी मला काहीच वावगं वाटलं नाही. चहा मीच आणून दिला.

"काय साफ रान केलंय आबा! कंपनीवाले बघताक्षणी घेत्याल. सौदा मी जमवून देतो," तो मामांना म्हणाला.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "दिऊन टाकू," म्हणाले. "आता तिथं राखायचं तरी काय ऱ्हायलंय?"