नव्वद सेकंदांसाठी सिहोऱ्याहून जबलपूर

माझ्या मुलाने मला जबलपूरला पाठवलं ते बास्केटबॉल बघायला नाही. नातीला बॅगेसकट घरी आणायला पाठवलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल बहात्तराव्या वर्षी म्हातारीला खेळाचं वेड लागलं. वेड नंतर लागलं.

बोलून राहिले आहे मी, लिहून राहिली आहे माझी सून वैशाली. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही, आणि या वयात नवीन ओळखी वाढवायची हौसही नाही. ब्लॉग तिचाच. एरवी ती इथे पचमढी, अमरकंटक असलं लांबलांबचं लिहिते. सिहोरा ते जबलपूर म्हणजे तिच्या हिशेबाने प्रवासच नाही. पण मी म्हटलं, लिही तर खरं, मग ठरव.

केतकी ही वैशालीची मुलगी, चोवीस वर्षांची. मुलींची बास्केटबॉलची लीग सुरू झाली तेव्हा जबलपूरच्या टीमने तिला करार करून घेतलं. राहायला खोली, खायला मेस, वर्षाला दोन जोड बूट. सगळ्या सिहोऱ्यात पेढे वाटले आम्ही. पण या सीझनमध्ये टीम बारा सामने खेळली, कधी रायपूरला, कधी लुधियान्याला, आणि बाराही सामने केतकी बाकावर. माझा मुलगा सुधीर दुकानातल्या फोनवर सामना लावायचा आणि मधेच बंद करायचा. "टॉवेल द्यायला शिकवलं का तिला?" असं म्हणायचा. इतक्यात कटनीच्या एका शाळेत पीटी टीचरची जागा निघाली. शाळेला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. सुधीरने केतकीला फोनवर सांगितलं, शनिवारी शेवटचा सामना, त्यात मैदानात उतरलीस तर तुझं तू बघ. नाही उतरलीस तर आजीबरोबर सामान घेऊन घरी ये. ती "बरं" म्हणाली. माझी नात "बरं" म्हणते तेव्हा ते बरं नसतं.

गुरुवारी सकाळी निघाले. बसने जाणार असाल तर ड्रायव्हरच्या मागची जागा धरा आणि कंडक्टरच्या "बस, एक घंटा अम्मा" यावर विश्वास ठेवू नका. रस्ता चांगला, चौपदरी, पण बस गोसलपूरला थांबते, पनागरला थांबते, आणि मधे कुणी हात दाखवला तरी थांबते. पावणेदोन तास लागले. बस स्टँडवरून कांचघरला ई-रिक्षा. पहिल्याने दीडशे सांगितले, मी चालायला लागले, मागून आवाज आला, "अस्सी में बैठो अम्मा." कांचघरला माझी धाकटी नणंद शकू राहते, तिच्याकडे उतरले.

शकूने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "वहिनी, केतकीला न्यायला आल्या ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सुधीरने. म्हणाला, आई विरघळेल, तू लक्ष ठेव."

म्हणजे माझ्यावर पहारा बसवून ठेवला होता पोराने.

शुक्रवारी सकाळी पोहा-जलेबी खाऊन आम्ही दोघी सदरला, म्हणजे छावणीच्या बाजाराकडे, गेलो. टीमचा सराव तिथल्या हॉलमध्ये असतो आणि घरच्यांना बघू देतात. सदरला ऑटो चौकातच सोडून थोडं चाला. रस्ते रुंद आहेत, झाडं मोठी आहेत, दुकानदार घाईत नाहीत. हॉलच्या दारात मात्र माझे पाय थांबले. आत मुली होत्या, पण त्यांना मुली म्हणायला मान वर करावी लागत होती. एकीच्या तर कोपराशी माझं डोकं. लाकडाची जमीन, पाण्यासारखी चकाकणारी, आणि तिच्यावर बुटांचा असा चिर्र-चिर्र आवाज, की हजार चिमण्या एकदम भांडून राहिल्या आहेत. दहा जणी धावतात, वळतात, आणि एकमेकींना धडकत नाहीत. आमच्या घरात चार माणसं आहेत, तरी स्वयंपाकघराच्या दारात रोज टक्कर.

केतकी दिसली. अंगावर कुणाचा तरी नऊ नंबरचा पट्टा. चालच तिची वेगळी. डावा खांदा पडलेला, मान ताठ, थोडी गुर्मीत. आणि बाकीच्या मुली तिला "लीना! लीना!" करून ओरडत होत्या. मी शकूकडे पाहिलं, शकूने माझ्याकडे.

मग केतकीला बॉल मिळाला, टोपलीत टाकायच्या जागी ती उभी राहिली, एक पाय उचलला, तळहात बुटाच्या तळव्यावर पुसला, दुसराही पुसला, आणि तेच हात बॉलला लावले.

माझ्याने राहवलं नाही. मी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडले, "केतके! ज्याच्यावर पोट भरतं त्याला जोड्याचे हात लावते? घरी हेच शिकवलं काय?"

सगळा हॉल थांबला. चिमण्यासुद्धा थांबल्या. मग टीमच्या कोच मॅडम, भिलाईच्या, चाळिशीच्या, गळ्यात शिट्टी, माझ्यापर्यंत आल्या आणि वाकून पाया पडल्या. म्हणाल्या, "दादीजी, डाँटिए मत. वो केतकी नहीं है. आज वो लीना है."

त्यांनी समजावलं ते असं. शनिवारी केरळच्या टीमशी सामना. त्यांची सगळ्यात भारी खेळाडू लीना, नंबर नऊ. तिला अडवायचं कसं, हे आपल्या पाच जणींना आठवडाभर शिकायचं असतं. पण लीना काही सरावाला येत नाही. मग बाकावरची एक मुलगी लीना होते. तिचे जुने सामने पुन्हापुन्हा बघते, तिची चाल, तिचं वळण, तिच्या खोडी सगळ्या अंगात घेते, आणि आपल्या मुलींवर तुटून पडते. दोनदा उजव्या हाताने बॉल खाली आपटला, डावा खांदा पाडला, की लीना डावीकडे गिरकी घेणार. बूट पुसणं तिचंच.

"हर हफ्ते कोई और बनती है," मॅडम म्हणाल्या. "लड़कियाँ कहती हैं, मैच से ज़्यादा डर केतकी से लगता है."

मी गप्प बसले. शकू म्हणते, पन्नास वर्षांत मला गप्प बसलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. ती खोटं बोलते, पण त्या दिवशीपुरतं खरं होतं.

शनिवार. सामना संध्याकाळी पाचला. तुम्ही जाणार असाल तर तिकीट आधी काढा. वरच्या बाकांचं शंभरात मिळतं आणि वरूनच जास्त कळतं. बसायला उशी न्या, बाक सिमेंटचे आहेत, आणि कानात घालायला कापूस न्या. डबा नेऊ नका. माझी थालीपीठं दारावरच्या भैयाने अडवली.

"अम्मा, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"बाहर का नहीं है बेटा, घर का है."

त्याने एक खाल्लं आणि बाकीची सोडली.

लीना आली. खरी. वेणी कंबरेपर्यंत, खांदा डावीकडे पडलेला. ती मैदानात चार पावलं चालली आणि मी शकूचा हात धरला. "अगं, ही तर केतकीची नक्कल करून राहिली!" सगळं तसंच. पहिला फाउल मिळाला, लीना उभी राहिली, पाय उचलला, तळहात बुटाला पुसला.  देवळातली मूर्ती रोज बघावी आणि एक दिवस देव समोरून चालत यावा, तसं.

आमची पंजाबची हरलीन तिला अडवत होती. लीनाने दोनदा बॉल आपटला, खांदा पाडला, डावीकडे वळली, तर हरलीन तिथे आधीच हजर. लोक ओरडले, "हरलीन! हरलीन!" मी बाकाकडे पाहिलं. केतकी बसली होती. टाळ्या वाजवत नव्हती. हरलीन बरोबर जागी पोचली की हळूच मान हलवायची, बस. मला वाटलं, उभं राहून सगळ्यांना सांगावं, ती जागा कुणी दाखवली ते. शकूने माझा पदर ओढून बसवलं.

दुसऱ्या अर्ध्यात टीम टोपल्या बदलतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या मुली आपल्याच टोपलीत टाकून राहिल्या असं वाटून मी पाच मिनिटं शिव्या घातल्या. तुम्ही घालू नका.

जिंकलो तर पहिल्या चार टीममध्ये, हरलो तर सीझन संपला, असा हिशेब होता. शेवटची दीड मिनिटं राहिली, आमचे एकसष्ट, त्यांचे साठ. आणि शिट्टी वाजली. हरलीनचा पाचवा फाउल. पाच झाले की खेळाडू बाहेर, परत यायचं नाही. ती डोकं धरून बाकाकडे आली. मॅडमनी बाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त म्हणाल्या काहीतरी, आणि केतकी उठली. वरचं जॅकेट काढलं. आत तिचा स्वतःचा नंबर, चौदा.

"वहिनी, उतरली," शकू म्हणाली. 

दोन्ही टीमचे डाव गेले, काही झालं नाही. एकदा लीना खांदा पाडून वळली आणि केतकीवर आदळणार तोच थांबली, बॉल बाहेर गेला.  मग शेवटचा डाव त्यांचा. दहा सेकंद. लीना एकटी, समोर केतकी. एकदा आपटला, दोनदा आपटला. खांदा पडला. लीना वळली, तर केतकी तिथे, अशी उभी, की जागा तिच्या आजोबांच्या नावावर आहे. लीनाने केतकीच्या तोंडाकडे पाहिलं. आणि अख्ख्या सीझनमध्ये तिने जे तिथून कधीच केलं नव्हतं, ते केलं. तिने बॉल दिला. बाजूला उभ्या एका बारक्या मुलीला, जिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तिने टाकला. भोंगा वाजला. बासष्ट.

हरलो. सीझन संपला.

हॉल गार पडला होता. खाली लीना सरळ केतकीकडे आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाली, आणि माझी नात रडायला लागली. नंतर विचारलं तेव्हा केतकीने सांगितलं. लीना म्हणाली होती, "वहाँ से मैं कभी पास नहीं करती. तूने करवाया."

रविवारी सकाळी केतकी मला ग्वारीघाटला घेऊन गेली. बॅग भरलेली, ऑटोत पायाशी. सकाळी लवकर जा, नावाडी कमी मागतात आणि नर्मदा इतकी शांत असते की पलीकडचा गुरुद्वारा पाण्यात जसाच्या तसा उभा दिसतो. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

"बाबांची अट पुरी झाली," केतकी म्हणाली. "उतरले मी. मॅडम म्हणाल्या, पुढच्या सीझनच्या कॅम्पला ये, पण मैदानात उतरवीनच असं वचन नाही देत. आता मला कळत नाही आजी, मला काय हवं ते. या सीझनमध्ये मी बारा-तेरा जणी झाले. माझी स्वतःची चाल कोणती, तेच आठवत नाही."

"मला कुठे आठवते? पन्नास वर्षं तुझ्या पणजीसारखा वरण-भात करता करता माझा वरण-भात कसा होता, ते गेलंच."

"चेष्टा नको ना करू."

"बरं, नाही करत. काल त्या लांबुडकीसमोर उभी राहिलीस ना, तेव्हा तुझं तोंड उघडं होतं. वासलेलं. तू दोन वर्षांची असताना मांजरीला दारात अडवायचीस, तेव्हाही असंच. लीनाचं तोंड मिटलेलं असतं, मी पाहिलं. ते तोंड तुझंच."

ती हसली, आणि मग पुन्हा रडली.  ऑटो बस स्टँडला आली तेव्हा तिने बॅग उतरवली नाही. मीही म्हटलं नाही, उतरव. बसच्या खिडकीतून हात हलवला आणि एकटीच सिहोऱ्याला आले.

सुधीर दुकान बंद करून घरी बसला होता. रविवारी दुकान तो कधी बंद करत नाही.

"एकटी आलीस?"

"उतरली ती. दीड मिनिट."

"माहीत आहे. पाहिलं मी." चष्मा काढला त्याने. माझा मुलगा "नाही" म्हणण्याआधी चष्मा पुसतो. पाचवीत चष्मा लागला तेव्हापासून पाहून राहिले. तो शर्टाच्या टोकाकडे हात नेतो तोच मी म्हटलं, "पुसू नको. स्वच्छ आहे तो."

तो थांबला. उठून अंगणाकडे जायला निघाला, कारण बोलणं टाळायचं असलं की तो मोटरसायकल धुतो. दारात मी उभी.

"आई, सरक."

"नाही."

"अगं, दीड मिनिटासाठी वर्षभर? काय आहे तिथे?"

मी सांगायला गेले, आणि मला ते सांगता येईना. चकाकती जमीन, चिमण्या, बुटाला पुसलेले तळहात, खरी लीना चालत आली ते. मी नुसते हात हलवत राहिले, वेड्यासारखे. सुधीर माझ्याकडे बघत राहिला. खिशातून फोन काढला, केतकीचा नंबर लावला, कानाला लावला, आणि तिचा "हॅलो" आला तसा त्याने फोन वैशालीच्या हातात दिला.

वैशाली या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. महिनाभर नाही. मी बोलते, सुधीर बोलतो, ती पोळ्या लाटते. तिने पिठाचा हात फोनला लागू नये म्हणून मनगटाने धरला आणि म्हणाली,

"केतू, कटनीच्या शाळेला मी उद्या नाही म्हणून कळवते. तुझा कॅम्प कधी सुरू होतो, तेवढं सांग."

इथे ती लिहिता लिहिता थांबली. म्हणते, आई, माझं कशाला. मी म्हटलं, लिही. तू बोललीस तेच लिही.