प्रमुखाचं नाव विचारणारं टूल

कर्सर लुकलुकत होता आणि गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, जमलेली माणसं माझ्या लॅपटॉपकडे बघत होती. स्क्रीनवर प्रश्न होता, "प्रमुखाचं नाव?" उत्तर कुणी देईना.

गाव धानोऱ्याच्या पलीकडचं, जंगलातलं. आसपासच्या ग्रामसभा यंदा तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, लिलाव एकत्र जाहीर करणार होत्या; भाव मात्र ज्याच्या त्याच्या गावात ठरणार होता. प्रत्येक गावाची छोटी वेबसाइट करायची, म्हणजे बाहेरच्या व्यापाऱ्यांना तेंदूपत्ता कुठला आणि बोलायचं कुणाशी ते कळेल. काम चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसकडे होतं. साइट्स दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्यांपुढे जायच्या होत्या. जे गाव सुटेल त्याला एकट्यानं, जवळचा ठेकेदार देईल त्या भावात पत्ता विकावा लागणार होता. बाकी सगळी झाली होती, हे एकच उरलं होतं.

एवढ्या साइट्स हातानं केल्या असत्या तर अख्खा उन्हाळा त्यातच गेला असता. म्हणून मी एक टूल वापरते. काळ्या विंडोत एक ओळ टाइप करायची. टूल चार प्रश्न विचारतं आणि आधीच तयार केलेल्या टेम्प्लेटमधून, म्हणजे साच्यातून, फोल्डर, पानं, बटणं सगळं उभं करतं. मांडववाल्याकडे बांबू-कापड तयारच असतं, तो फक्त नवरा-नवरीचं नाव विचारतो, तसंच. इंटरनेटही लागत नाही. इतकी वर्षं झाली, तरी फायली भराभर उगवताना पाहिल्या की मी थक्क होते.

पण प्रमुखाचं नाव मी रिक्वायर्ड ठेवलं होतं. ते भरल्याशिवाय टूल पुढे सरकत नाही.

"भाऊ, एखादं नाव सांगा ना," मी सभेचं लिहिणं-वाचणं बघणाऱ्या दसरूभाऊंना म्हटलं. त्यांनी मैनाबाईंकडे पाहिलं. पत्ता तोडणाऱ्या बायकांत त्या वयानं मोठ्या.

"एकाचं नाव देल्लं का व्यापारी त्याच्याच घरी जाते," मैनाबाई म्हणाल्या. "मागं असंच झालं. एकाले धरलं, सही घेतली, अन् गावाले मालूमच नाई."

"पण अध्यक्ष असतील ना?"

"हाये ना. पण ठरवते गाव."

गावामागच्या टेकाडावर रेंज येते. तिथून मी आमचे बॉस प्रमोदभाऊ यांना फोन लावला.

"कोणाचंबी टाकून दे ना. काऊन अडून राह्यली?"

"त्याइले नको आहे, भाऊ."

"मंग रिकामं सोड."

"टेम्प्लेट सोडू देत नाई."

"टेम्प्लेट कोणं बनवला? तूच ना? मंग त्याचं काऊन ऐकून राह्यली?"

प्रमोदभाऊ टोचून बोलतात आणि वर बरोबरही असतात. मला रागच आला, पण खाली येऊन टेम्प्लेट उघडला. एका नावाऐवजी "बस" म्हणेपर्यंत नावं विचारत राहील असं केलं.

"आता पाहिजे तेवढी नावं चालतील," मी म्हटलं.

गोंडीत बराच वेळ बोलणं चाललं. मला काही कळत नव्हतं, आणि मला घाई होती. मग मैनाबाई म्हणाल्या, "लिवा मंग. सगळ्याइचे."

एकेक जण पुढे येऊन नाव सांगू लागला. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. एका म्हाताऱ्या आजोबांनी नाव मोठ्यानं सांगितलं आणि ते स्क्रीनवर उमटेपर्यंत जागचे हलले नाहीत. गडबड कुणीच केली नाही. शेवटी दसरूभाऊ म्हणाले, "बस."

मी एंटर दाबलं. पान उभं राहिलं, प्रमुखाच्या जागी अख्खं गाव घेऊन. हे मीच बनवलेलं पान आहे असं वाटेचना.

धानोऱ्यात नेट मिळाल्यावर साइट चढवली. दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याचा ऑफिसात फोन आला.

"साहब, इसमें तो पूरे गाँव का नाम है. मैं किसके घर जाऊँ?"

"किसीके नहीं," प्रमोदभाऊ म्हणाले. "गोटुल में जाओ."

तो गेला. चटईवर बसून त्याला सगळ्यांदेखत भाव सांगावा लागला. मैनाबाई म्हणाल्या, "कमी हाये." त्यानं वाढवला.

बाकीच्या गावांनीही मग तसंच पान मागितलं. आता आमच्या टेम्प्लेटमध्ये प्रमुखाचं नाव रिक्वायर्ड नाही. सभेची जागा रिक्वायर्ड आहे.