आखाजीची शिशी

सोनाळ्यात अजूनही असं सांगतात की रुखमाबाईंनी गोऱ्या साहेबाला दारूची लाच देऊ केली आणि म्हणून त्यांची भट्टी गेली. हे खोटं आहे. मी तिथे होतो. गावाने ती गोष्ट इतकी उलटीपालटी करून ठेवली आहे की क्रमाने सांगितल्याशिवाय इलाज नाही, आणि सांगताना माझा आवाज चढला तर वाचकांनी तो चालवून घ्यावा.

जर्मन लढाई सुरू होण्याआधीचा काळ. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडून फार वर्षं झाली नव्हती आणि नागपूरहून रोज नवे नियम येत. डोंगराच्या कडेच्या गावांना मात्र अजून गावातच दारू गाळायचा परवाना मिळे. सोनाळ्याचा परवाना रुखमाबाईंच्या नवऱ्याचा होता. तो वारल्यावर त्यांच्या नावे झाला. नाल्याच्या काठी मातीच्या भिंतींची एक लांब खोली, आत चूल, चुलीवर तांब्याचा मोठा हंडा, आणि पुढच्या अंगाला विक्रीची खिडकी, एवढीच ती भट्टी. माझे वडील तिथल्या शाळेचे हेडमास्तर, आणि मी कॉलेजातून सुट्टीला घरी आलेला. शाळेमागून नाल्याकडे जाणारी वाट आमच्या परसातून दिसे. दिवेलागणीला कोण कोण सभ्य गृहस्थ त्या वाटेने हवा खायला जातात हे आम्हाला पाठ होतं. हेच गृहस्थ सकाळी पारावर बसून रुखमाबाईंना ‘भट्टीवाली’ म्हणत आणि म्हणताना नाक मुरडत.

बाई उंच, हाडापेराने मोठ्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं. रागावल्या की इतरांचा आवाज वाढतो, त्यांचा खाली यायचा, आणि तो खाली आला की त्यांचा दीर किसन चुलीपुढचं लाकूड सोडून बाहेर निघून जायचा.

त्या भट्टीचा खरा हंगाम चैत्राचा. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. डोंगरातले कोरकू आणि गावातल्या गरीब बाया अंधार असतानाच टोपल्या घेऊन झाडांखाली जात. उजाडेपर्यंत जमीन वेचून मोकळी करत, कारण उशीर झाला की गुरं आणि अस्वलं वाटेकरी होत. मग फुलं उन्हात वाळवायची, ती मनुक्यासारखी आकसली की पोत्यात भरून भट्टीवर आणायची. रुखमाबाई प्रत्येक पोत्यात हात घालून तळाची मूठ काढत, वास घेत, आणि ओलं फूल निघालं तर पोतं परत करत. त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही, कारण मापात त्या कधी हात मारत नसत.

हंगाम संपत आला की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यायची. आखाजीला आपण सगळेच पितरांना जेवू घालतो. कोणाकडे आंब्याचा रस असतो, कोणाकडे नुसतं पन्हं. मोहफूल वेचणाऱ्यांच्या घरी पानावर नव्या फुलाच्या दारूचे चार थेंब पडावे लागत. आणि तिथे एक अट होती. ही दारू विकत घेतलेली चालत नसे. आपल्या हातांनी वेचलेल्या फुलाची, भट्टीवरून हातोहात मिळालेली, तीच पितर घेतात, असं ते मानत. म्हणून आखाजीच्या आदल्या दिवशी रुखमाबाई दारात बसून फूल आणणाऱ्या प्रत्येक घराला एक शिशी देत. हे त्यांच्या सासऱ्याच्या वडिलांपासून चालत आलेलं होतं. त्यात उपकार नव्हता. ती त्या लोकांची बाकी होती.

त्या वर्षी आबकारीचा नवा दारोगा आला, रमाकांतराव नावाचा. शिकलेला, धोतर कडक इस्त्रीचं, बोलणं गोड. त्याने आल्या आल्या भट्टीवर जाऊन नियम वाचून दाखवला. गाळलेला प्रत्येक थेंब खिडकीतून विकला गेला पाहिजे, फुकट वाटप म्हणजे गुन्हा.

रुखमाबाईंनी विचारलं, “आन् आखाजीची शिशी?”

“लोकांना हवी असेल तर त्यांनी विकत घ्यावी. देवाला काय कळतंय, विकतची की फुकटची?”

“देवाले नाई दारोगासाहेब, मेलेल्याईले. त्याईले कळते.”

दारोगा हसला. जाताना त्याचा चपराशी भगवंत भट्टीच्या मागच्या दाराने टोपली घेऊन बाहेर पडला. टोपलीवर आंब्याची पानं झाकलेली होती. ही टोपली दर महिन्याला जायची. आधीच्या दारोग्याच्या काळातही जायची, पण हा नवा माणूस टोपली मोठी आणायला सांगायचा. फुकट वाटणं हा गुन्हा, असं सांगणाऱ्या तोंडानेच तो फुकट पीत होता. मी पुढे आयुष्यभर व्यापारी पेढ्यांवर जमाखर्च पाहिला, पण इतका निर्लज्ज व्यवहार दुसरा पाहिला नाही.

बाई तोवर गप्प राहिल्या. किसन त्यांना सांगायचा, “वैनी, टोपली जाऊ द्या. हंडा राह्यला तर सारं राह्यलं.” आणि त्या ते ऐकत, कारण ते चूक नव्हतं.

आखाजीला दोन दिवस असताना गावाबाहेरच्या आमराईत साहेबाचा तंबू पडला. आबकारीचे मोठे साहेब दौऱ्यावर आले होते. दारोग्याची धावपळ सुरू झाली. त्याच संध्याकाळी तानुबाई भट्टीवर आली.

तानुबाई फूल वेचणाऱ्यांपैकी. तिचा नवरा आदल्या पावसाळ्यात डोंगरात झाड अंगावर पडून गेला होता. म्हणजे ही त्याची पहिली आखाजी. त्या दिवशी तो पितरांच्या पंगतीत बसणार, आणि त्याच्या पानावर काही पडलं नाही तर तो वर्षभर दाराशी ताटकळत राहणार, अशी तिची समजूत. ती हलक्या आवाजात म्हणाली, “रुखमामाय, उद्या गर्दीत मले जमनार नाई. पोरगी तापानं फणफणून राह्यली. माही शिशी आजच दे.”

रुखमाबाईंनी दिली. तानुबाईने ती पदरात बांधली आणि ती वाटेला लागली. शाळेच्या कुंपणापाशी दारोग्याने तिला अडवलं. मी परसात होतो. त्याने पदर सोडायला लावला, शिशी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि शेजारच्या दगडावर आपटली. मग तो भगवंताला म्हणाला, “हिला चावडीत बसव. साहेब इथे असताना हे उघड चाललंय.”

तानुबाई रडली नाही. ती खाली बसून ओल्या मातीला हात लावत राहिली. माझे वडील पुढे झाले, म्हणाले, “दारोगासाहेब, तिच्या घरी लेकरू आजारी आहे.” दारोगा म्हणाला, “मास्तर, तुम्ही पाढे शिकवा.” माझे वडील मागे सरले. त्या मागे सरण्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानुबाईला सोडलं. त्याच सकाळी भगवंत डाली, म्हणजे सणाची भेट, मागायला भट्टीवर हजर. “बाई, आखाजीची डाली. साहेबांच्या तंबूत पाहुणे आहेत, दारोगासाहेबांनी पहिल्या धारेची सांगितली आहे. टोपलं भरून.”

किसन मागच्या दाराकडे टोपली आणायला वळला. रुखमाबाई म्हणाल्या, “भाऊजी, थांबा.” आवाज खाली आलेला होता. किसन थांबला, आणि या वेळी बाहेर गेला नाही. हे त्याच्या बाजूने नोंदलं पाहिजे.

“भगवंता, दारोग्याले सांग, डाली मी सोता घेऊन येतो. सनाची डाली हाय, मागच्या दारानं काऊन जाईल?”

भगवंत गेला. मग बाईंनी पुढचं दार सताड उघडलं, दारात घोंगडं टाकलं आणि शिश्या वाटायला बसल्या. दिवसाढवळ्या. मीही तिथे जाऊन उभा राहिलो होतो. डोंगरातली माणसं, गावातल्या बाया, सगळ्या रांगेने येत होत्या. तानुबाईला त्यांनी सगळ्यांत आधी बोलावून दोन शिश्या दिल्या. ती म्हणाली, “एकच पाह्यजे, माय.”

“एक कालची. घे, जा, पोरीपाशी बस.”

किसन म्हणाला, “वैनी, हंडा जाईल.”

“जाऊ दे ना बे.” दिराला त्यांनी ‘बे’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “पोरगी तापात अन् तिची माय चावडीत. काऊन, तर नवऱ्याच्या पानावर चार थेंब पडाव म्हून. आन् हे शिकलेलं मानूस मायाच घरून पेऊन मायाच मानसाईले बांधते. हंडा ठेवून काय पूजा करू त्याची?”

वाटप संपल्यावर त्यांनी दारोग्याची टोपली भरली. खरोखर पहिल्या धारेची भरली, त्यात फसवणूक केली नाही. वर आंब्याची पानं, हळदकुंकू, एक नारळ. हलगीवाल्याला बोलावलं. टोपली डोक्यावर घेतली आणि नाल्यापासून आमराईपर्यंत भर बाजारातून चालत गेल्या. मागून फूल वेचणारे सगळे, त्यांच्यामागे गाव. पारावरचे सभ्य गृहस्थही आले. त्यांना तमाशा पाहायचा होता.

साहेब तंबूपुढे खुर्ची टाकून बसले होते. बाजूला त्यांचा शिरस्तेदार, आणि दारोगा उभा. हलगी थांबली. रुखमाबाईंनी टोपली जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, “दारोगासाहेब, तुमची आखाजी.”

तेवढ्यात एक गंमत झाली. भगवंत गर्दीतून पुढे आला, टोपली उचलली आणि सरळ दारोग्याच्या राहुटीकडे चालू लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याची सवय, हात आपोआप गेले. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, “वाट तर बरोबर पाठ हाय गड्याले,” आणि सगळी आमराई हसली. भगवंत मध्येच थबकला. टोपली ठेवावी की न्यावी हे त्याला कळेना.

दारोगा घाईने पुढे आला. म्हणाला, “साहेब, ही बाई खोटं बोलते आहे. ही टोपली माझी नाही.”

साहेबाने हिंदीत विचारलं, “बाई, ये हर महीने देती हो?”

“हाव साहेब. हर महिना. मागच्या दारानं. आजची सनाची हाय म्हून वाजवत आनली.”

“और इन लोगों को भी मुफ़्त दिया?”

“त्याईले दिली. त्याईचीच होती.”

साहेबाने टोपलीकडे पाहिलं, भगवंताकडे पाहिलं, राहुटीकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं. एवढं माझ्यासारख्या कॉलेजातल्या पोराला दिसलं, तर त्याला दिसलं नाही असं मी मानायला तयार नाही. तो शिरस्तेदाराशी इंग्रजीत बोलला. ते मला समजलं. तो म्हणाला, बाईने तिन्ही गोष्टी स्वतः कबूल केल्या आहेत, लिहून घ्या.

तिन्ही गोष्टी म्हणजे फुकट वाटप, खिडकीबाहेर दारू नेणं आणि सरकारी नोकराला लाच देणं. दारोग्याने काही कबूल केलं नव्हतं, म्हणून त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं. खरं बोलणाऱ्याविरुद्ध पुरावा लगेच मिळतो. त्याच दिवशी चूल विझवून हंड्यावर लाखेचं सील लागलं. पावसाळ्याआधी परवाना रद्द झाला. दारोग्याची बदली झाली, मोठ्या तालुक्याला. गाव म्हणालं, बाई गर्वाने गेली. पारावर तर म्हणाले, दारूच्या धंद्याला असाच शेवट. ज्यांच्या नरड्यात वर्षानुवर्षं तिचीच दारू गेली, ते हे बोलत होते.

दुकान बाहेरच्या ठेकेदाराने घेतलं. पुढच्या चैत्रात त्याच्याकडे फूल येईना. डोंगरातले लोक म्हणत, शिशी नाही तर फूल नाही. ते फुलं भाजून खात, गुरांना घालत, उरलेली दूर दुसऱ्या बाजारी नेत. ठेकेदाराने वर तक्रार केली. तेव्हा नवा दारोगा रुखमाबाईंच्या घरी आला. त्या दारापुढे ज्वारी पाखडत होत्या.

हा माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “बाई, परवाना परत मिळेल, साहेबांची तयारी आहे. फक्त एवढं लिहून द्या की टोपलीबद्दल तुम्ही रागाच्या भरात बोललात. अंगठा द्या, बाकी मी पाहतो.”

किसन दारात उभा होता. त्याच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं होतं, हे त्याने पुढे स्वतःच मला सांगितलं.

रुखमाबाईंनी सूप खाली ठेवलं. “अंगठा देतो,” त्या म्हणाल्या. “रागातच बोलली होती मी. खोटं काय त्याच्यात? आता तुमी सांगा. परवाना आला तर आखाजीची शिशी देऊ द्याल?”

दारोगा म्हणाला, “ते नियमात बसत नाही.”

“आन् तुमची टोपली?”

त्याने नजर ज्वारीच्या ढिगाकडे वळवली.

“बसते म्हना. मंग हंडा चुलीवर चढवू तरी कोनासाठी? तुमच्यासाठी?” त्यांनी सूप पुन्हा उचललं. “भाऊजी, साहेबाले पानी द्या, उन्हात आले. आन् फाटक लावून घ्या, बकऱ्या शिरून राह्यल्या.”

दारोगा पाणी न पिताच गेला. किसनने फाटक लावलं आणि तिथेच फळीला हात टेकून बराच वेळ उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. त्या ज्वारी पाखडत राहिल्या, नेहमीपेक्षा जोराने, आणि कोंडा अंगणभर उडत होता.